वाचक विचारतात : कॅनिस्टरचा फ्लो दर तीन आठवड्यांनी का मरतो?

प्रश्न : नमस्कार दादा, माझा ३ फुटी टँक आहे, साधारण १६० लिटरचा, त्यात दोन ऑस्कर मासे आहेत आणि खाली चार ट्रेवाला कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर, लावलाय. नवा होता तेव्हा पाण्याला काय जोर होता, आता दर तीन आठवड्यांनी धार बारीक होते आणि रविवारची सकाळ बाथरूममध्ये डबा धुण्यात जाते. मीडिया, म्हणजे डब्यात भरायचं गाळायचं साहित्य, दुकानात भरून दिला तसाच आहे, तळाला फिल्टर कॉटन, मग कार्बन, मग सिरॅमिक रिंग आणि सगळ्यात वर बायोबॉल. आता दुकानदार म्हणतात एक नवीन बायो मीडिया आलाय, महाग आहे पण तो टाकला की सहा महिने बघायला नको. घेऊ का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पैसे आत्ता खिशातच राहू द्या. तुमच्याकडे पाणी शुद्ध करणारे बॅक्टेरिया कमी पडत नाहीयेत, घाण चुकीच्या जागी अडतेय, आणि कितीही भारी मीडिया आणलात तरी तो त्याच घाणीखाली गाडला जाणार.

बहुतेक ट्रेवाल्या कॅनिस्टरमध्ये पाणी झाकणातून आत येतं खरं पण ते आधी एका कडेच्या मोकळ्या वाटेने थेट तळाला जातं आणि मग एकेक ट्रे चढत वर मोटरकडे येतं, म्हणजे तळाचा ट्रे हाच पहिला ट्रे. (काहींची रचना वेगळी असते, कडेला उभा स्पंज असतो, म्हणून तुमचं झाकण काढून पाण्याचा रस्ता एकदा डोळ्यांनी बघून घ्या.) आता तुम्ही त्या पहिल्या ट्रेमध्ये काय ठेवलंय तर फिल्टर कॉटन, म्हणजे सगळ्यात बारीक चाळणी सगळ्यात आधी. काडीकचऱ्यासकट जोंधळे थेट मैद्याच्या चाळणीत ओतले तर जे होईल तेच तिथे होतं. ऑस्कर किती घाण करतात ते तुम्हाला सांगायला नको, विष्ठा, पेलेटचा चुरा, कुजलेली पानं, सगळं त्या बोटभर जाड थरावर येऊन बसतं, दोन आठवड्यांत त्याची चिखलाची पोळी होते आणि पाणी एकतर अडतं नाहीतर कडेच्या फटीतून मीडियाला न शिवताच वर निघून जातं. हे दुसरं जास्त वाईट, कारण धार ठीक दिसते आणि फिल्टरिंग काहीच होत नसतं.

माझ्या मते क्रम असा हवा. तळाचा पूर्ण ट्रे जाड भोकांच्या स्पंजचा, १० ते २० पीपीआय चालेल, पीपीआय म्हणजे एका इंचात किती भोकं. दुसऱ्या ट्रेमध्ये पुन्हा स्पंज पण ३० पीपीआयचा. तिसरा ट्रे सिरॅमिक रिंगचा, चौथा पण रिंगचा किंवा बारीक लाव्हा रॉकचा. कॉटन हवंच असेल तर सगळ्यात वर, एकदम पातळ, आणि तेही पाण्यात बारीक कण तरंगताना दिसले तरच दोन दिवस घालायचं आणि काढून टाकायचं. दुकानात त्याला कॉटन म्हणतात पण ते पॉलिस्टर असतं, घरातला खरा कापूस चुकूनही घालू नका, तो पाण्यात कुजतो.

बायोबॉल काढून टाका. ते अशा फिल्टरसाठी आहेत जिथे पाणी वरून ठिबकतं आणि मधून हवा खेळते, पाण्यात पूर्ण बुडालेल्या डब्यात ते नुसती जागा अडवतात. कार्बन पण रोजच्या वापरातून काढा, टँकमध्ये औषध घातलं होतं ते ओढून घ्यायचंय किंवा लाकडाचा पिवळेपणा घालवायचाय तेव्हा जाळीच्या पिशवीत भरून तीन-चार आठवडे ठेवायचा, त्यानंतर तो भरून गेलेला असतो.

लोक स्पंजला कमी लेखतात याचं मला खरंच वाईट वाटतं. माशांच्या घाणीतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया कुठल्याही पृष्ठभागावर पातळ थर करून राहतात, त्यांना तो पृष्ठभाग हवा आणि त्यावरून ऑक्सिजनवालं पाणी सतत वाहायला हवं, आणि जाड स्पंज या दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं देतो. महाग मीडियाच्या पाकिटावर छापलेले पृष्ठभागाचे ते हजारो चौरस मीटर बहुतेक इतक्या सूक्ष्म छिद्रांच्या आत असतात की तिथपर्यंत वाहतं पाणी पोचतच नाही, आणि त्या छिद्रांच्या तोंडावर एकदा गाळ बसला की सगळा हिशोबच संपला.

स्पंज ट्रेच्या मापापेक्षा अर्धा सेंटीमीटर मोठा कापा म्हणजे तो कडांना घट्ट बसेल आणि पाण्याला चोरवाट राहणार नाही. कात्रीने कडा तिरक्या येतात, दातेरी पावाच्या सुरीने सरळ कापतो. सोफ्याचा किंवा गादीचा फोम मात्र नको, त्याच्यावर काय काय केमिकल मारलेलं असतं ते आपल्याला कळत नाही आणि त्यातून पाणीही धड जात नाही.

आणि आता सगळ्यात स्वस्त गोष्ट जी मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो, टँकमध्ये जो पाइप पाणी ओढतो त्याच्या जाळीवर एक प्री-फिल्टर स्पंज चढवा. मोठी घाण डब्यात शिरायच्या आधी तिथेच अडते, दर आठवड्याला पाणी बदलताना तो प्लास्टिकच्या पिशवीत धरून हळूच काढायचा, म्हणजे गाळ टँकभर पसरत नाही, आणि काढलेल्या पाण्याच्या बादलीत चार वेळा पिळायचा. पाच मिनिटांचं काम. माझ्या स्वतःच्या टँकचा कॅनिस्टर या एका स्पंजमुळे महिन्यावरून साडेतीन महिन्यांवर गेला, आतला मीडिया तोच, मासे तेच.

डबा कधी उघडायचा हे कॅलेंडर बघून ठरवू नका, मोजून ठरवा. साफ केल्यावर त्याच दिवशी २ लिटरचा मापाचा जग घ्या, टँकच्या पाण्याच्या पातळीइतकाच उंच धरा (खाली जमिनीवर ठेवलात तर सायफनमुळे धार जास्त दिसेल), बाहेर येणारा पाइप त्यात सोडा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. १२ सेकंदांत भरला तर ताशी ६०० लिटर. हा आकडा डब्यावर स्केचपेनने लिहून ठेवा. तोच जग भरायला १८-२० सेकंद लागायला लागले की उघडा, तोवर हात लावू नका. खोक्यावर छापलेल्या फ्लोशी तुलना करत बसू नका, तो बहुतेक वेळा रिकाम्या डब्याचा असतो.

एक वेगळं पण सांगतो, दोन ऑस्कर पूर्ण वाढले की फूटभर होतात, त्यांना ३ फुटी टँक पुरणार नाही, तेव्हा मीडियाचे वाचलेले पैसे मोठ्या टँकसाठी बाजूला टाका.

प्रश्न : सर, मागच्या रविवारी कॅनिस्टर अगदी चकाचक धुतला, स्पंज नळाखाली पांढरं पाणी येईपर्यंत पिळले, रिंग पण ब्रशने घासल्या. बुधवारपासून पाणी दुधाळ झालंय आणि एंजल मासे वर येऊन तोंड उघडतायत. एवढी स्वच्छता करून असं कसं झालं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी टँककडे बघा, बाकी नंतर वाचा. खाणं बंद करा, आज ४० टक्के पाणी बदला, नव्या पाण्यात अँटीक्लोरीन घालूनच, एअर पंप फुल करा आणि अमोनियाचं टेस्ट किट आणा. अमोनिया दिसत असेल तर रोज एवढंच पाणी बदलत राहा. पीएच ८ च्या आसपास असेल तर जास्त सांभाळा, कारण पीएच आणि तापमान वाढलं की तोच अमोनिया जास्त विषारी होतो.

झालं असं की नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते घातलेलंच असतं जंतू मारायला, त्याला तुमचे चांगले बॅक्टेरिया कसे वेगळे कळणार? वर तुम्ही सगळा मीडिया एकाच दिवशी घासलात, म्हणजे कुठे जे काही उरलं असतं तेही गेलं. मी सुरुवातीला हीच चूक केली होती आणि चार दिवसांत सहा एंजल गेले, त्यातली एक जोडी अंडी घालणारी होती, ते आठवलं की अजून जीव कळवळतो.

यापुढे टँकमधून काढलेलं पाणी दोन बादल्यांत घ्या. पहिल्या बादलीत स्पंज पिळायचे, तपकिरी पाणी आलं तरी चालतं, पांढरं येईपर्यंत पिळायची गरजच नाही, स्पंज दाबून सोडल्यावर पाणी मोकळं जातंय ना एवढं बघायचं. दुसऱ्या बादलीत रिंगचा ट्रे तसाच दोन-तीनदा बुचकळायचा, ब्रश नाही, बोटंही नाहीत. आणि एका वेळी अर्धाच मीडिया, उरलेला अर्धा तीन-चार आठवड्यांनी. स्पंज दाबल्यावर परत फुगत नसेल तरच नवीन घ्यायचा, तोही आधी जुन्याच्या शेजारी महिनाभर ठेवून. झाकणाच्या रबर रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलीन नको.

प्रश्न : दादा, आमच्याकडे जांभा दगड भरपूर आहे आणि त्याला भोकंच भोकं असतात. त्याचे तुकडे करून सिरॅमिक रिंगच्या ऐवजी कॅनिस्टरमध्ये भरले तर? टँकमध्ये गप्पी मासे आहेत. पीएच पण सारखा खाली जातो.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : प्रश्न फार आवडला, पण जांभा डब्यात नको. ती भोकं बघायला छान आहेत, पण त्यांच्यात माती असते, पाणी लागलं की महिनोन्‌महिने तांबडी बुकटी सुटत राहते आणि ती वरच्या मोटरपर्यंत जाऊन इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या, चुंबकाभोवती आणि बारीक दांड्यावर जमते, दांडा झिजतो आणि मोटर घरघरायला लागते. घाटावरच्या काळ्या दगडाचंही बरेच जण विचारतात, त्याच्यात पोकळ्या असतात पण पुष्कळदा त्या झिओलाइट, कॅल्साइट असल्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या असतात, म्हणजे लाव्हा रॉकसारखी मोकळी जागा तिथे मिळत नाही.

तुमच्याकडे त्यापेक्षा चांगली गोष्ट पडून असेल, जुन्या मंगलोरी कौलांचे तुकडे. चांगलं भाजलेलं, रंग न लावलेलं कौल घ्या, शेवाळ घासून काढा, शेंगदाण्याएवढे तुकडे करा, भूगा चाळून टाका, पाणी नितळ येईपर्यंत धुवा आणि जाळीत भरा. खरखरीत पृष्ठभाग आहे, पाण्यात काही सोडत नाही, बॅक्टेरिया मजेत राहतात. त्याच्या आधी स्पंज मात्र हवाच.

पीएचचं कारण वेगळं आहे. तुमच्या भागातलं पाणी बऱ्याच ठिकाणी मऊ असतं आणि अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे पीएच टिकवून धरायची ताकद, खर्च होते, १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे साधारण ७ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. ती संपली की पीएच घसरतो आणि ६ च्या खाली गेला की बॅक्टेरियाही सुस्तावतात, फिल्टर दिसतो चालू पण काम अर्धवट. घरी तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) होतात तेव्हा त्यांची रिकामी शिंपलं टाकू नका, उकळा, आतला चिकटलेला मांसाचा कण न कण काढा, चार दिवस कडक उन्हात वाळवा आणि फोडून मूठभर जाळीच्या पिशवीत घालून वरच्या ट्रेमध्ये ठेवा. ती हळूहळू विरघळतात आणि पीएच सावरतो. गप्पींना जरा कडक पाणी मानवतंच. निऑन किंवा डिस्कसच्या टँकमध्ये मात्र हे करू नका.

प्रश्न : फिल्टरमध्ये झिओलाइट आहे आणि माशांना पांढरे ठिपके आलेत म्हणून खडामीठ घालतोय. चालेल ना?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आधी झिओलाइट बाहेर काढा, मगच मीठ. झिओलाइट अमोनिया धरून ठेवतो आणि मिठातलं सोडियम आलं की धरलेला अमोनिया परत पाण्यात सोडतो. तो रिचार्ज करायलाही लोक मिठाचं पाणीच वापरतात, वेगळ्या बादलीत, तेच काम तुमच्या टँकमध्ये माशांच्या अंगावर होईल.

प्रश्न : उन्हाळ्यात आमच्याकडे पाच-सहा तास लाइट जाते. परत आली की कॅनिस्टरमधून सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि दोनदा मासे मेले. मीडिया बदलून काही होईल का?
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : होईल, थोडं मीडियाने आणि थोडं तुमच्या हाताने. कॅनिस्टर हा बंद डबा आहे, मोटर थांबली की आतल्या पाण्यातला ऑक्सिजन बॅक्टेरिया संपवतात आणि डब्यात जितका गाळ साठलेला तितका तो लवकर संपतो, मग सडायला सुरुवात होते, वास त्याचाच. म्हणजे वर डोंबिवलीच्या वाचकांना सांगितलेला प्री-फिल्टर आणि जाड स्पंज तुम्हाला दुप्पट कामाचा, स्वच्छ डबा जास्त वेळ तग धरतो. तुमच्या उन्हाळ्यात पाणी ३२-३३ डिग्रीला गेलेलं असतं, गरम पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे हातात वेळ अजून कमी.

तास-दीड तासाने काही बिघडत नाही. तीन तासांच्या वर जाणार असं वाटलं तर व्हॉल्व्ह बंद करा, डबा सोडवा, झाकण काढा, ट्रे टबमध्ये टँकचं उथळ पाणी घेऊन त्यात ठेवा आणि बॅटरीवरच्या एअर पंपाचा एक हवेचा दगड (एअर स्टोन) टँकमध्ये, एक टबमध्ये सोडा. लाइट आल्यावर डब्यातलं जुनं पाणी मोरीत ओता, टँकच्या पाण्याने एकदा विसळून मगच जोडा. तुमचे मासे त्या जुन्या पाण्यानेच मेले असणार, लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते आणि पहिल्याच मिनिटात ते सगळं टँकमध्ये फेकते. म्हणून लाइट गेली की पहिलं काम, प्लग काढून ठेवा, घरात बाकीच्यांनाही हे सांगून ठेवा.

घरी इन्व्हर्टर असेल तर कॅनिस्टर त्यावर घ्या, २०-२५ वॉटची मोटर म्हणजे एका पंख्यापेक्षा कमी लोड. फक्त तो साइन वेव्ह इन्व्हर्टर आहे ना बघा, साध्या स्क्वेअर वेव्हवर मोटर गुणगुणते आणि तापते.