बधिर, बहिरा आणि बांधलेली वाट

तासगावच्या एका वाचकांनी विचारलंय: दाढ काढण्याआधी इंजेक्शन देतात, त्याला ‘भूल दिली’ म्हणावं की ‘बधिर केलं’? आणि त्या इंजेक्शनाने सूजही उतरते का?

बधिर केलं. इथे ‘भूल’ म्हणू नका. भूल म्हणजे शुद्ध हरपणं. परवा मिरजेत एका दवाखान्यात ‘दाढेला भूल देतो’ एवढं ऐकून एक आजी खुर्चीतून उठल्याच. “मला झोपवू नगा, सांच्याला म्हशीची धार काढायची हाय!” ‘गाल बधिर करतो’ म्हटलं असतं तर बसून राहिल्या असत्या.

काही शुद्धतावादी सांगतात, बधिर म्हणजे बहिरा, तो शब्द हातापायाला लावणं चूक, ‘संवेदनाहीन’ म्हणा. मला हे साफ अमान्य आहे. एकच शब्द मराठीत दोन वाटांनी आला. प्राकृतातून झिजत आलेला ‘बहिरा’ कानाकडे गेला, संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला ‘बधिर’ अंगाकडे. कामं वाटून घेतली, यात चूक कसली?

खरा आनंद पुढे आहे. वामन शिवराम आपट्यांच्या १८९० च्या संस्कृत कोशात ‘बधिर’ची फोड बन्ध् धातूपासून दिली आहे. बन्ध् म्हणजे बांधणं! ज्याची वाट बांधली गेली तो बधिर. आता त्या इंजेक्शनातलं औषध, लिग्नोकेन, काय करतं बघा. नसेच्या तंतूत शिरून, संदेश पुढे नेणाऱ्या सोडियमची दारं आतून अडवतं, की संदेश तिथेच थांबला. दाढेची हाक चालूच असते, मेंदूला ती ऐकू जात नाही. आपल्या कृष्णाकाठी पाटाचं दार पाडलं की खालचं रान कोरडं राहतं, वरचं पाणी कुठे जात नाही, तसंच. लिग्नोकेन स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झालं. त्याच्या कामाला नेमका बसणारा शब्द आपल्याकडे कितीतरी आधीपासून होता.

हो, सूज. ती मुख्यतः जागेवरच राहते. नसेची टोकंही सूज वाढवणारी द्रव्यं सोडतात, तेवढा वाटा कमी होऊ शकतो, इतकंच. उलट पू झालेल्या दाढेभोवती आम्लता वाढते आणि औषध नसेत धड शिरत नाही. म्हणून डॉक्टर सुजेपासून लांब, वरच्या अंगाला नस गाठतात. तरी लोक म्हणणार, “मला भूलच चढत नाही.” भूल नव्हे हो, दाढ बधिर होत नाही!