वाचकांचे प्रश्न : वसंतात नदी चढणारा शॅड

प्रश्न : माझे बालपण पंढरपूरजवळ भीमेच्या काठी गेले आणि नोकरीनिमित्त सोलापुरात आल्यावरही गळ टाकण्याची सवय सुटली नाही. माझी लेक व जावई अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात, डेलावेअर नदीजवळ राहतात. येत्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता तेथे जाणार आहोत. जावयांचे शेजारी दर वसंतात त्या नदीवर शॅड नावाचा मासा धरतात. मात्र गांडूळ, कणीक यांपैकी कशालाही तो तोंड लावत नाही, असे ते सांगतात. आमिष न खाणारा मासा गळाला लागतो तरी कसा, आणि मी येथून काय तयारी करून जावे?
— एक सेवानिवृत्त वाचक, सोलापूर

उत्तर : शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. शॅड हा हेरिंगच्या गोतावळ्यातला, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या पाला माशाचा भाऊबंद. अंग चपटे व चंदेरी, कल्ल्यामागे काळे ठिपके, आणि वजन साधारण दीड ते अडीच किलो. मादी नरापेक्षा भारी असते. तो नदीत जन्मतो, पहिल्याच शरदात समुद्रात उतरतो, तेथे तीन ते सहा वर्षे वाढतो, उन्हाळ्यात कॅनडाच्या फंडी उपसागरापर्यंत चरायला जातो, आणि अंडी घालण्याची वेळ आली की बहुधा ज्या नदीत जन्मला तीच नदी हुडकून प्रवाहाविरुद्ध चढू लागतो. समुद्रातले त्याचे मुख्य अन्न म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. नदीत शिरल्यावर तेही जवळजवळ बंद होते आणि अंगातल्या चरबीवर तो पुढचा प्रवास करतो. त्यामुळे मासा भुकेला आहे, आज ना उद्या आमिषापाशी येईलच, या ज्या हिशेबाने आपण भीमेवर गळ टाकून बसता तो हिशेब तेथे चालणार नाही. शॅड जेथून जातो त्या वाटेवर, तो जाण्याच्या वेळी आपण हजर असावे लागते. बाकी सारे त्यानंतरचे.

वेळेचे आधी पाहू. अटलांटिक किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, फ्लोरिडात, शॅड हिवाळ्यातच नदीत शिरतो. डेलावेअर आणि हडसन या नद्यांत एप्रिल-मे हे त्याचे महिने, आणि त्याहून उत्तरेस जूनपर्यंत हंगाम लांबतो. याचे कारण पाण्याचे तापमान. पाणी १० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले की थवे हलू लागतात आणि १५ ते २० अंशांच्या दरम्यान अंडी घालण्याला जोर येतो. तेथील नदीकाठच्या रानात याच दिवसांत पांढऱ्या फुलांनी भरून येणाऱ्या एका झुडपाला लोक शॅडबुश म्हणतात. झुडूप फुलले की जाळी आणि गळ बाहेर काढायचे, असा जुना रिवाज आहे. तरीही खिशात एक साधा थर्मामीटर ठेवावा, कारण एखाद्या थंड पावसाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरले की आदल्या दिवशी भरभरून लागणारा मासा दुसऱ्या दिवशी दिसेनासा होतो. पावसाने पाणी गढूळ झाले असेल तर घरीच थांबलेले बरे. दिवसाच्या वेळांपैकी पहाट आणि सायंकाळ उत्तम. उन्हे चढली की थवे खोल पाण्यातून जातात.

जागेच्या बाबतीत आपल्याला जुनी सवय मोडावी लागेल. भीमेवर आपण डोह शोधता, संथ पाणी आणि काठची सावली पाहता. शॅड डोहात रेंगाळत नाही. नदीची मुख्य धार जेथून वाहते त्या खोल पट्ट्यातून, बहुधा त्याच्या कडेकडेने, तो वर सरकतो. म्हणून बेट किंवा खडक यांच्यामुळे पात्र अरुंद होऊन धार एका बाजूला आलेली असेल अशी जागा, किंवा खळाळाच्या खाली जेथे वर चढण्यापूर्वी थवा दम घेतो तेथील पाणी, शोधावे. शेजाऱ्यांना याची माहिती असणार. ते सांगतील त्या दगडावर निमूट उभे राहण्यात कमीपणा मानू नये.

आता गळाविषयी. शॅडसाठी वापरतात त्याला डार्ट म्हणतात. सालासकट शेंगदाण्याएवढा, निमुळता, समोरून तिरपा कापलेला शिशाचा तुकडा, त्यातून निघालेला एकच गळ आणि मागे केसांचे छोटे शेपूट, असे त्याचे रूप असते. रंग भडक : लाल-पांढरा, पिवळा, पोपटी. वजन दोन ते सात ग्रॅम. दोर फार जाड नको, दोन ते चार किलो ताण सोसणारा तंगूस पुरतो. डार्ट धारेच्या आडवा, किंचित वरच्या बाजूला फेकावा, तळाशी जाऊ द्यावा आणि दोर हलका ताणलेला ठेवून प्रवाहाबरोबर कमानीत खाली येऊ द्यावा. कमान संपते, दोर सरळ खालच्या दिशेला येतो आणि डार्ट तळापासून उचलला जाऊ लागतो, त्या क्षणी बहुतेक मासे लागतात. तेथे गुंडाळण्याची घाई न करता थोडा वेळ थांबावे. डार्ट तळाला अडकत नसेल तर तो पुरेसा खोल जात नाही असे समजून वजन वाढवावे. होडीतून धरणारे लोक धारेच्या कडेला नांगर टाकतात आणि पातळ पत्र्याचा छोटा चमचा मागे पाण्यात लोंबकळत ठेवतात. भूक नसताना मासा या रंगीत तुकड्याला का धरतो, चिडून की समुद्रातल्या जुन्या सवयीने, यावर नदीकाठी हवे तेवढे वाद ऐकायला मिळतील.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की शॅडचे तोंड कागदासारखे पातळ असते. आपल्याकडे बुडी बुडाली की हिसका मारतात. तो हिसका येथे मारला तर ओठ फाटून मासा सुटतो. दोर जड लागताच काठी नुसती उचलून धरावी. रिळाचा ब्रेक सैल ठेवावा, कारण मासा अंग आडवे करून प्रवाहाचा सगळा जोर आपल्यावर टाकतो आणि एकदम धाव घेतो. त्याला धावू द्यावे. काठावर आणताना दोराने न उचलता हातजाळे वापरावे. सोडायचा असेल तर पाण्याबाहेर न काढताच गळ मोकळा करावा, कारण याचे खवले हाताला सहज सुटतात आणि हाताळलेला मासा फार काळ जगत नाही.

न्यू जर्सीत १६ वर्षांवरील व्यक्तीला गोड्या पाण्यात मासेमारीसाठी परवाना लागतो व पाहुण्यांनाही तो मिळतो. दिवसाला किती शॅड ठेवता येतात याची मर्यादा असते आणि शॅडसारखेच दिसणारे, त्याच दिवसांत चढणारे लहान हेरिंग ठेवण्यास मनाई आहे. त्या वर्षीचे नियम जावयांकडून आधीच पाहून घ्यावेत. सवड झाल्यास लॅम्बर्टव्हिल या गावी अवश्य जावे. तेथे १९८१ पासून एप्रिलमध्ये शॅडचा महोत्सव भरतो आणि कोकणातल्या रापणीची आठवण व्हावी अशा ओढजाळ्याने शॅड धरण्याची एकोणिसाव्या शतकापासूनची पद्धत पाहायला मिळते.

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्या मासेमारी चालते, उजनी भरल्यापासून आम्ही जलाशयावरच आहोत. मृगाच्या पावसात ओढ्यांना पाणी आले की चढणीचे मासे आम्हीही पाहतो. ते आणि हे शॅड एकाच तऱ्हेचे का? समुद्रातून येणारा मासा भीमेत का येत नाही? आणि शॅडचे बीज आणून उजनीत सोडले तर?
— एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : दोन्ही अंडी घालण्यासाठीच चढतात, पण साम्य येथवरच. आपले रोहू, मृगल, मरळ हे मासे जन्मभर गोड्या पाण्यात राहतात. नवे पाणी आले की मुख्य पात्रातून ओढ्यात आणि पाणथळ शेतात शिरतात, तेवढाच त्यांचा प्रवास. शॅडचा प्रवास समुद्रापासून सुरू होतो. त्याच्या जवळचा आपल्याकडचा मासा म्हणजे पाला, ज्याला बंगालीत इलिश म्हणतात. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक कुटुंबांना तोच मासा पुलसा या नावाने ऐकून ठाऊक असेल. पावसाळ्यात तो गोदावरीत शिरतो आणि राजमहेंद्रीच्या बाजारात भलत्या भावाने विकला जातो. शॅड थंड पाणी तापू लागल्यावर चढतो, पाला पावसाळ्याचा लोंढा आल्यावर.

भीमेत तो न येण्याचे कारण नकाशावरच दिसते. भीमा रायचूरच्या अलीकडे कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. समुद्राकडून निघालेल्या माशाला पहिल्यांदा विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा आडवा येतो. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच पात्र अडवलेले आहे. पुढे नागार्जुनसागर, श्रीशैलम, जुराला, मग भीमेवर कर्नाटकातील सन्नती आणि सोन्ना, त्यानंतर आपले औज-चिंचपूरचे बंधारे, आणि शेवटी उजनी. यांतली एकेक भिंत पुरेशी आहे. गंगेतही हेच झाले : पूर्वी अलाहाबादच्याही वर जाणारा पाला १९७५ मध्ये फरक्का बंधारा झाल्यावर वर दिसेनासा झाला.

शॅडची गत याहून वेगळी नाही. सस्क्वेहाना नदीवर १९२८ मध्ये कोनोविंगो धरण झाले आणि वरचे पात्र त्याला बंद झाले. कनेक्टिकट नदीवर होलिओक येथे १९५५ पासून मासे पाळण्यात घालून उचलून धरणापलीकडे सोडतात. हा उपाय खर्चिक असला तरी तेथे चालला. डेलावेअरच्या मुख्य पात्रावर धरणच नाही, परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास फिलाडेल्फियाजवळच्या सांडपाण्याने पाण्यातला प्राणवायू इतका घटला होता की शॅडला तेथे भिंतच उभी राहिल्यासारखे झाले. १९७२ च्या जलप्रदूषणविरोधी कायद्यानंतर पाणी सुधारले तेव्हा थवे पुन्हा वर जाऊ लागले. उलट हडसनमध्ये मासा इतका घटला की न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये तेथील शॅडची मासेमारीच बंद केली. मला स्वतःला उद्वाहकापेक्षा डेलावेअरचा धडा मोलाचा वाटतो, कारण सांडपाणी रोखण्याचे काम भीमेवरही करण्याजोगे आहे आणि त्याचा लाभ आपल्या चढणीच्या माशांना मिळेल.

उजनीत शॅड सोडण्याचा विचार मनातून काढून टाकावा. त्याला वाढायला समुद्र आणि अंडी घालायला थंड वाहते पाणी लागते. आपल्या जलाशयात यांपैकी काहीच नाही. शिवाय परका मासा एकदा रुळला की परत नेता येत नाही, हे चिलापीच्या बाबतीत आपणच रोज जाळ्यात पाहता. १८७१ मध्ये शॅडची सुमारे दहा हजार पिल्ले रेल्वेने कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीत नेऊन सोडली. तेथून तो किनाऱ्याने उत्तरेस पसरला आणि आज कोलंबिया नदीत लाखोंनी चढतो. त्यापेक्षा जून-जुलैत ओढ्यांच्या तोंडाशी जाळी न लावणे आणि बारीक आसाची जाळी टाळणे, हे उजनीच्या हिताचे.

प्रश्न : शॅडमध्ये काटे फार असतात असे ऐकले. आपल्या पद्धतीने तो करता येईल का?
— एक गृहिणी, जुळे सोलापूर

उत्तर : काटे खरोखरच फार असतात, मधल्या काट्याखेरीज मांसात दुहेरी ओळींनी बारीक, टोकाला फाटे फुटलेले काटे रुतलेले असतात. ते अख्खे काढून देणारे कसबी लोक तेथे आता थोडे उरले आहेत. घरी करायचे तर दोन मार्ग. काप सालीवर ठेवून, साल न तुटू देता, सुरीने अगदी जवळजवळ आडव्या चिरा द्याव्यात, म्हणजे बारीक काट्यांचे तुकडे होतात. मग हळद, तिखट, मीठ, आले-लसूण लावून रव्यात घोळवून कुरकुरीत तळावे. दुसरा मार्ग प्रेशर कुकरचा : चिंचेच्या कोळात मंद आचेवर बराच वेळ शिजवला तर बारीक काटे मऊ पडतात, मात्र मासा तुकड्यांत राहत नाही आणि रस्साच करावा लागतो. मासा तेलकट असल्याने फोडणीला तेल कमी घ्यावे. शेंगदाण्याचा कूट घालूच नये, रस्सा जड होतो.

मादी मिळाली तर गाबोळी आधी बाजूला काढावी, अमेरिकेतही लोक शॅडचा मुख्य मान तिलाच देतात. दोन्ही लांबट पिशव्या पडदा न फाटता सोडवाव्यात, मीठ-हळदीच्या पाण्यात मंद आचेवर पाच-सात मिनिटे ठेवून घट्ट होऊ द्याव्यात आणि मगच तिखट लावून तव्यावर परताव्यात. कच्चीच तव्यावर टाकली तर दाणे फुटून तेल अंगावर उडते.