मंदीत एसआयपी बंद करू नकोस

अरे, बाजार पडला म्हणून लगेच एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात ठरावीक काळाने ठरावीक रक्कम गुंतवणं, थांबवायची घाई करू नकोस. जानेवारी २००८मध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, २१ हजारांवर होता. लेहमन ब्रदर्स ही बडी अमेरिकी बँक बुडाल्यावर ऑक्टोबरात तो ८ हजारांच्याही खाली उतरला. मग १८ मे २००९ला, निवडणूक निकालानंतरच्या पहिल्याच सत्रात, बाजार इतका उसळला की व्यवहार थांबवावे लागले. बाहेर बसलेल्यांना आत शिरायला सवडच मिळाली नाही! नोव्हेंबर २०१०मध्ये पुन्हा २१ हजार. पण निर्देशांक सावरला म्हणजे प्रत्येक शेअर सावरला असं नाही. तेव्हाचे बांधकाम क्षेत्रातले कित्येक लाडके शेअर परत वर आलेच नाहीत. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आधी बाजूला काढ, कर्ज काढून गुंतवू नकोस, आणि एसआयपी इंडेक्स फंडातच, म्हणजे एखाद्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या फंडातच, ठेव.