अंगणातले १२ व्होल्टचे दिवे स्वतः बसवता येतात का? वायर कुठली घ्यावी?

तुमचा प्रश्न असा आहे: घराच्या पायरीपासून गेटपर्यंत ७० फुटांची वाट आहे, तिच्या कडेला ३ वॅटचे सहा दिवे लावायचेत. १२ व्होल्टला शॉक लागत नाही म्हणतात, तर वायरमन न बोलावता जमेल का, आणि वायर कुठली घ्यायची?

जमेल. फक्त अडॅप्टरच्या अलीकडची, म्हणजे २३० व्होल्टची बाजू सोडून. तिथे हात घालू नका. आणि तुम्ही दिवे आधी पसंत करून वायरचं शेवटी विचारताय, ते उलटं करा. मीही दिव्यांपासूनच सुरुवात केली होती, म्हणून सांगतोय.

आमचं घर गुहागर तालुक्यात. पडवीतून उतरलं की अंगण, मग माडांच्या मधून जांभ्याची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची दगडी वाट, आणि तीस मीटरवर बेडं, म्हणजे आमचं गेट. आई संध्याकाळी कोणाकडे गेली की परत येताना बॅटरी विसरलेली असायची आणि पाखाडीच्या दोन पायऱ्या झिजून वाकड्या झालेल्या. म्हणून ५ वॅटचे आठ दिवे आणले, १२ व्होल्टचे. घरात १ एमएमची वायर पडलेली होती, तीच वापरली. पडवीत एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ करणारा अडॅप्टर), तिथून वायर निघाली ती एका दिव्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, थेट बेड्यापर्यंत. एका रविवारी काम झालं. रात्री बटण दाबलं तर पडवीकडचे दिवे झक्क आणि बेड्याजवळचा शेवटचा असा, की तेलाची पणती बरी.

दुकानदार म्हणाला दिवा खराब असेल, बदलून देतो. बदलला, तोही तसाच. मग मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लावला. एसएमपीएसवर १२, पहिल्या दिव्याशी ११.२, शेवटच्याशी १०.४. मला वाटलं, दीड व्होल्टाने काय एवढं होतंय? पण एलईडीचं गणित वेगळं असतं. अशा १२ व्होल्टच्या साध्या दिव्यात तीन-तीन एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येक साधारण ३ व्होल्ट घेतो, म्हणजे ९ तिथेच गेले. उरलेले ३ व्होल्ट एका रेझिस्टरवर पडतात आणि करंट किती वाहणार हे तो ठरवतो. माझ्या शेवटच्या दिव्याला ३ ऐवजी जेमतेम दीड उरत होते. करंट निम्म्यावर, उजेडही निम्म्यावर. दिव्याचा काही दोष नव्हता. वायरच खात होती.

हे खाणं किती ते घरी बसून काढता येतं. आपल्या लवचिक तांब्याच्या वायरचा रोध एका मीटरला साधारण असा धरा: १ एमएमला ०.०२ ओहम, १.५ ला ०.०१३, २.५ ला ०.००८, ४ ला ०.००५. (एमएम म्हणजे खरं तर चौरस मिलिमीटर, पण दुकानात तसं कोणी बोलत नाही.) अंतराची दुप्पट करायची, कारण वीज जाते तशी परतही येते. मग वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर, आणि त्याला रोधाने गुणलं की घट. माझं धरा: ४० वॅट भागिले १२ म्हणजे ३.३ अँपिअर. तीस मीटरचे जाऊन-येऊन साठ, १ एमएमला १.२ ओहम. गुणाकार ४ व्होल्ट! सगळे दिवे शेवटच्या टोकाला असतील तेव्हाचा हा सगळ्यात वाईट हिशेब. दिवे वाटेत विखुरलेले असतात म्हणून प्रत्यक्षात घट कमी येते. पण वायर घेताना हाच वाईट हिशेब धरायचा आणि घट पाच टक्क्यांच्या आत ठेवायची.

यावर तीन उपाय. जाड वायर, हा एक. एसएमपीएस मध्यावर आणून दोन्हीकडे निम्मी-निम्मी वायर काढणं, हा दुसरा. पण मध्ये छप्पर असलेली जागा हवी, आमच्याकडे तिथे फणस आहे. तिसरा म्हणजे १२ सोडून २४ व्होल्टवर जाणं, आणि मी शेवटी तेच केलं. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा होतो म्हणून घट निम्मी, आणि ती निम्मी घट दुप्पट व्होल्टात मोजायची, म्हणजे टक्केवारीत चौपट फायदा. २.५ एमएमवर माझी घट आता वाईटात वाईट ०.८ व्होल्ट येते, तीही २४ पैकी. जुने आठ दिवे फुकट गेले नाहीत. मागच्या दारी विहिरीपर्यंत पाच-सहा मीटरचं अंतर, तिथे १२ व्होल्टवर मजेत चालतात. मात्र १२ चा दिवा २४ वर लावू नका, क्षणात जाईल.

काही एसएमपीएसवर एक बारीक स्क्रू असतो, त्याने व्होल्टेज थोडं वाढवता येतं. लांबचा दिवा मंद दिसला की लोक तो पिळतात. मग लांबचा ठीक होतो आणि जवळचा जास्त व्होल्टेजवर तापून मरतो. हात लावू नका.

वायर घेताना फसवणूक होते ती इथे. बाहेरून तांबं, आतून ॲल्युमिनियम अशी वायर सर्रास मिळते. बंडल उचललं की हलकं लागतं. एक तार चाकूने खरवडून बघा, आत पांढरं निघालं की परत ठेवा. याच्या उलट कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर बाहेरून पांढरी आणि आतून लाल असते. ती मिळाली तर किनाऱ्याजवळच्यांनी डोळे मिटून घ्यावी, खाऱ्या हवेत तिला तोड नाही.

आता जॉइंट. पहिल्या वर्षी आमच्या ओळखीच्या वायरमनने, जो पूर्वी घरातली फिटिंग करून गेला होता, मला वेड्यात काढलं. "बारा व्होल्टाला कसला आलाय पाईप नि कसला बॉक्स? वायर पिळा, टेप मारा, माती टाका." मीही तेच केलं. जूनमध्ये चाललं. जुलैच्या मध्यावर तीन दिवे गेले, गणपतीपर्यंत पाच. खणून एक जॉइंट वर काढला. काळ्या टेपचा चिकटा सुटून ओला लिबलिबीत झाला होता, आत पाणी होतं. प्लसकडची तार हिरवी-काळी होऊन नुसत्या नखाने तुटली, मायनसकडची त्यामानाने शाबूत. हे बघून मी चक्रावलो होतो. कारण साधं आहे: डीसी करंट (एकाच दिशेने वाहणारा) आणि ओल एकत्र आली की प्लसचं तांबं विरघळत जातं, मुलामा चढवण्याच्या कारखान्यात होतं तसंच. म्हणजे कमी व्होल्टेजने तुम्ही वाचता, जॉइंट वाचत नाही.

तेव्हापासून माझा एकच नियम: मातीत जॉइंट नाही. अखंड वायर पाईपमधून आणायची. प्रत्येक दिव्यापाशी जमिनीच्या वर वीतभर उंचीवर छोटा आयपी ६७ चा बॉक्स, त्यात जोड. (६ म्हणजे धूळ शिरत नाही, ७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो. दिव्याला स्वतःला ६५ चालतं, पण पाणी साचणाऱ्या जागी तोही ६७ घ्या.) वायर बॉक्समध्ये खालच्या बाजूनेच शिरली पाहिजे, ग्लँड (वायरभोवती आवळायचं बूच) घट्ट आवळलेली, आणि शिरण्याआधी वायरला खाली एक झोका ठेवायचा. वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोक्याच्या तळाशी टपकून जातं, पन्हळीच्या टोकावरून गळतं तसं. हा झोका नसला तर तेच पाणी वायरीच्या अंगावरून सरळ बॉक्समध्ये. जोडाला डाख (सोल्डर) द्या आणि वर आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवून गरम करा. साधी स्लीव्ह पाणी अडवत नाही. डाख जमत नसेल तर जेल भरलेले कनेक्टर मिळतात, तेही उत्तम. आणि बॉक्सचं एखादं भोक उघडं राहिलं तर मुंग्या आठवड्यात घर करतात, पावसाची वाट बघत नाहीत.

पाईप हवाच. घूस आणि माळ्याची कुदळ, दोघांनाही व्होल्ट कळत नाहीत. फूट-दीड फूट खोल पुरला तर बरं. आमच्याकडे अर्ध्या फुटावर जांभा लागतो, म्हणून मी तो पाखाडीच्या दगडाला चिकटून घातला आणि वर चिऱ्याचे तुकडे ठेवले. २५ एमएम व्यासाचा पाईप घ्या, आणि वायर ओढताना सोबत एक नायलॉनची दोरी आत सोडून द्या. दोन वर्षांनी आणखी एक वायर घालाविशी वाटते, प्रत्येकाला वाटते. चर बुजवण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा.

२३० व्होल्टची बाजू: एसएमपीएस पडवीत किंवा घरात, उंच, कोरड्या जागी, हवा खेळेल अशा पेटीत. पण फटींना जाळी लावा, पालीला उबदार जागा आवडते आणि ती सर्किटवर मेली की स्वतःबरोबर एसएमपीएस घेऊन जाते. त्याला येणारी लाईन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवरून (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच) आली पाहिजे, अर्थिंग खरं पाहिजे, आणि हे काम परवाना असलेल्या वायरमननेच करायचं. चांगल्या एसएमपीएसमध्ये २३० ची बाजू आणि १२ ची बाजू आतून पूर्ण वेगळ्या असतात. "१२ ला शॉक लागत नाही" ही सगळी भिस्त त्या वेगळेपणावर आहे. म्हणून रस्त्यावरचा शंभर रुपयांचा अडॅप्टर इथे नको. एकूण वॅटच्या दीडपट क्षमतेचा घ्या. काठोकाठ चालवला की तापतो.

शॉक लागत नाही म्हणजे आग लागत नाही असं मात्र समजू नका. १० अँपिअर देणाऱ्या एसएमपीएसवर बारीक वायर शॉर्ट झाली तर ती इलेक्ट्रिक शेगडीतल्या तारेसारखी तापू शकते. आउटपुटला फ्यूज घाला. काही जण इन्व्हर्टरच्या बॅटरीतूनच थेट १२ व्होल्ट काढतात, म्हणजे लाईट गेली तरी अंगण उजळलेलं. कल्पना वाईट नाही, पण ती बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओकते. बॅटरीच्या टर्मिनलला लागून फ्यूज नसेल तर करू नका.

आणखी एक. अमेरिकेतला भाचा किंवा पुतण्या हौसेने बागेच्या दिव्यांचा सेट घेऊन येतो. त्याचा ट्रान्सफॉर्मर तिकडच्या १२० व्होल्टवरचा असतो. इकडच्या प्लगमध्ये खुपसलात की धूर. शिवाय तिकडची पद्धत बहुतेक १२ व्होल्ट एसीची, आपल्याकडे डीसी. दिव्यांवर एसी-डीसी दोन्ही लिहिलं असेल तर दिवे वापरा, ट्रान्सफॉर्मर भाच्याला परत.

उजेडाचा रंग पिवळसरच घ्या, २७०० ते ३००० केल्व्हिन. पांढऱ्याशुभ्र दिव्यावर पहिल्या पावसात वाळवीची पाखरं अशी तुटून पडतात की सकाळी पायरी झाडावी लागते. पिवळ्यावर बरीच कमी येतात. दिव्याचं तोंड जमिनीकडे, उंची गुडघ्याएवढी. मी तर बेड्याकडचे चार दिवे वेगळ्या बटणावर घेतलेत आणि मे अखेरीला काही रात्री बंद ठेवतो, कारण वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, पलीकडे काजवे येतात. त्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला दिलेली खूण, आपला उजेड ती पुसून टाकतो. घर अगदी पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूलगत, असेल तर आणखी जपा. ऑलिव्ह रिडले कासवं गुहागर, वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर अंडी घालतात, आणि बाहेर पडलेली पिल्लं उजेडाकडे वळतात, मग तो समुद्राचा असो की तुमच्या कुंपणाचा.

सोलरचे खोचायचे दिवे का नको, असं कोणीतरी विचारणारच. मी आणले होते. माडाखाली दिवसभर सावली आणि जून ते सप्टेंबर ढग. अष्टमीच्या चंद्राइतकासुद्धा उजेड पडला नाही.

आता तुमचं गणित. ७० फूट म्हणजे २१ मीटर, जाऊन-येऊन ४२. सहा दिव्यांचे १८ वॅट, १२ व्होल्टवर दीड अँपिअर. १.५ एमएमने घट ०.८ व्होल्ट, म्हणजे सात टक्के, नको. २.५ एमएमने ०.५ व्होल्ट, चार टक्के, चालेल. दिवे अजून घेतले नसतील तर २४ व्होल्टचे घ्या, मग १.५ एमएमवर घट दोन टक्क्यांच्याही खाली येते आणि पुढे चार दिवे वाढवले तरी वायर बदलावी लागत नाही. एसएमपीएस ३० वॅटचा. बुजवायच्या आधी सगळे दिवे लावून, चालू ठेवून, शेवटच्या दिव्याच्या टोकांवर मल्टीमीटर धरा. दिवे बंद असताना मोजलंत तर पूर्ण व्होल्ट दाखवेल आणि तुम्ही खूश होऊन माती ओढाल.