चिनी जुन्या अद्भुतकथांमध्ये कोल्ह्याशिवाय दुसरे प्राणी देव म्हणून येतात का?

येतात की! मला तर कोल्ह्यांपेक्षा बेडूकदेवच जास्त आवडतो. चिनी लेखक फू सोंगलिंग (१६४०–१७१५) यांच्या कथेत यांगत्से आणि हान नद्यांच्या भागात त्याचं देऊळ आहे, आत बेडकांचा नुसता सुळसुळाट. देव कोपला की बेडूक घरात शिरून पलंगावर चढतात, गुळगुळीत भिंतीवरही न घसरता फिरतात. मग घाबरलेले लोक बळी देतात.

या देवाची मुलगी माणसाच्या घरी सून म्हणून येते. सासूवरून भांडण पेटतं, घराला आग लागते; जावई तडक सासऱ्याचं देऊळच जाळायला निघतो. देव काय करतो? गावकऱ्यांच्या स्वप्नात जाऊन जावयाला नवीन घर बांधून द्यायला सांगतो! पुढे नवरा थट्टेत डबीतून छोटा साप दाखवतो, आणि ती पुन्हा माहेरी.