मार्केट बदलतंय हे कंपनीला वेळेत कसं कळतं आणि ती बदलते कशी?

मी नाशिककडचा, घरची द्राक्षबाग आहे, म्हणून पुस्तकातलं मॅनेजमेंट सोडून द्राक्ष एक्सपोर्टचंच सांगतो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात बरंचसं आहे.

२०१० च्या सीझनला युरोपला गेलेले कंटेनर तिकडे अडकले कारण मालात क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला. आपल्याकडे त्याला लिहोसिन म्हणतात, खरड छाटणीनंतर (एप्रिलच्या आसपासची छाटणी) वेलीची वाढ थांबवून घड निघावेत म्हणून सर्रास मारायचे. आणि तपासणी होत नव्हती असंही नाही बरं का, अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यात बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, ग्रेपनेट होतं, ज्यात बागेपासून कंटेनरपर्यंत मालाची ऑनलाइन नोंद राहते, प्लॉटची नोंदणी होती, लॅबचे रिपोर्ट होते, फक्त जे अंश तपासायचे त्या यादीत हे नव्हतं. म्हणजे इथे रिपोर्ट क्लीन आणि तिकडे माल रिजेक्ट! कित्येक बागाईतदार त्यात कर्जात गेले, आजही कुणी विषय काढला की वाईट वाटतं.

माझ्या मते मुद्दा हाच आहे, संस्था यादीत आहे तेवढंच बघते आणि बदल यादीबाहेरून येतो.

नंतर ते यादीत आलं, आता यादी दर सीझनला नव्याने निघते, तोडणीआधी सॅम्पल जातं, फेल झालं की अलर्ट निघतो आणि त्या प्लॉटचा माल युरोपला जात नाही, बाग कुणाचीही असो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, नुसतं कळून उपयोग नाही, कळल्यावर गाडी थांबवायचा अधिकार पाहिजे.

पण लॅबला चव कळत नाही. तिकडच्या सुपरमार्केटला मोठा, कडक, रंगीत मणी हवा होता, पेरू देशातले लोक नव्या पेटंटच्या जाती लावून पुढे गेले आणि आपण थॉम्पसन या जुन्या हिरव्या जातीवरच. आमच्याकडच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीने आरा नावाच्या तसल्याच पेटंटच्या जाती आणल्या ते बरं झालं, पण नवी बाग लावून माल हातात यायला दोनेक वर्षं जातात, उशिरा कळलं की तेवढी वर्षं गेलीच.

म्हणून तुमच्या कंपनीत गिऱ्हाइकाशी रोज बोलणाऱ्या माणसाला, सेल्सवाला असो की सर्व्हिसवाला, दर महिन्याला एवढंच विचारा की लोक असं काय मागतायत जे आपल्या रिपोर्टात कुठेच नाही, आणि त्याचं ऐकून यादी बदलायचा अधिकार असलेला माणूस त्याच मीटिंगला बसवा. तो माणूस नसेल तर मीटिंग घेऊच नका.