वाचकांचे प्रश्न : आडनाव नव्हते तेव्हा माणूस कसा ओळखला जाई?

प्रश्न : बायबलचे मराठी भाषांतर वाचताना असे लक्षात आले की, त्यात कोणालाही आडनाव नाही. शिमोन, याकोब, मरीया ही नावे तर पुन्हा पुन्हा येतात. मग त्या काळी नेमका माणूस कसा ओळखत असत? ‘ख्रिस्त’ हे येशूचे आडनाव समजावे काय? यहुदी लोकांत आडनावे केव्हा रूढ झाली?
— एक वाचक, गंगाखेड (जि. परभणी)

उत्तर : शेवटच्या दोन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर आधी देतो. ‘ख्रिस्त’ हे आडनाव नव्हे, ती पदवी आहे. अभिषिक्त, म्हणजे ज्याच्या येण्याची यहुदी लोक वाट पाहत होते तो मसीहा, असा तिचा अर्थ. येशूच्या हयातीत त्याच्या गावच्या लोकांनी त्याला या नावाने हाक मारली नसती.

गावचे लोक त्याला काय म्हणत, हे शुभवर्तमानांतच, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रग्रंथांतच, नोंदलेले आहे, आणि आपल्या मूळ प्रश्नाची किल्ली तेथेच सापडते. नासरेथच्या सभास्थानात येशू बोलू लागतो तेव्हा ऐकणारे विचारतात, हा सुताराचा मुलगा ना? मार्कच्या शुभवर्तमानात तेच लोक त्याला सुतार आणि मरीयेचा मुलगा म्हणतात. नासरेथमध्ये कोणी त्याला नासरेथकर म्हणत नाही, कारण तेथे सगळेच नासरेथकर. येशूचा शिष्य फिलिप्प मात्र गावाबाहेर नथनेल नावाच्या माणसाला त्याच्याविषयी सांगतो तेव्हा योसेफाचा मुलगा, नासरेथचा येशू अशी जोडओळख देतो. वधस्तंभावरच्या पाटीवर, यरुशलेमेत सणासाठी जमलेल्या परक्या गर्दीपुढे, बापाचे नाव गळून जाते आणि गाव तेवढे उरते. म्हणजे माणूस एकच, पण सांगणारा कोण, ऐकणारा कोण आणि काम काय, यावर त्याची ओळख ठरत असे. आडनाव पिढ्यान्पिढ्या जसेच्या तसे चालते. ही ओळख प्रसंगानुसार जुळवली जाई. आडनावांची सवय झालेल्या वाचकाला बायबलमधली नावे विस्कळीत वाटतात ती यामुळेच, असे मला वाटते.

आपण गंगाखेडचे आहात, म्हणून आपल्याला हे परके वाटू नये. गंगाखेडच्या जनाबाईंनी आपल्या अभंगांत स्वतःला ‘नामयाची जनी’ म्हटले, तेरचे गोरोबा त्यांच्या कामावरून गोरा कुंभार झाले आणि पैठणच्या नाथांनी गुरूचे नाव जोडून ‘एका जनार्दनी’ अशी मुद्रा घेतली. या तिघांना ओळखायला वारकऱ्याला आडनाव लागत नाही.

एकाच नावाची माणसे त्या काळी खरोखरच फार होती. येशूच्या काळातील थडग्यांवरचे व अस्थिपेट्यांवरचे लेख पाहता यहुदी पुरुषांत शिमोन, आणि स्त्रियांत मरीया व शलोमे ही सर्वाधिक आढळणारी नावे आहेत. कुळात कोणाचे नसलेले नाव मुलाला ठेवणे लोकांना खटके. येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या बारशाच्या वेळी नातेवाईक त्याच्या आईला हरकत घेतात ती याच कारणाने. त्यामुळे एकट्या नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या भागात, एक शिमोन पेत्र आहे, एक जहालमतवादी शिमोन, एक कुष्ठरोगी शिमोन, एक कुरेनेकर शिमोन, एक जादूगार शिमोन, आणि यापो या बंदराच्या गावचा, कातडी कमावणारा शिमोन. कुरेनेकर शिमोनाच्या बाबतीत मार्क आणखी एक गोष्ट करतो. हा आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप, असे तो सांगतो. म्हणजे ज्यांच्यासाठी तो लिहीत होता त्यांना मुले ठाऊक होती आणि बापाची ओळख मुलांवरून पटवायची होती.

या व्यवस्थेचे सर्वांत सुरेख उदाहरण प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात आहे. कैसरियात राहणारा रोमी शताधिपती कर्नेल्य याला देवदूत सांगतो की, यापोला माणसे पाठव आणि पेत्र म्हटलेल्या शिमोनाला बोलाव; तो कातडी कमावणाऱ्या शिमोनाकडे उतरला आहे आणि त्याचे घर समुद्रकाठी आहे. शिमोनाच्या घरी शिमोन! टोपणनाव, धंदा आणि घराची जागा या तीन खुणा दिल्या नसत्या, तर ती माणसे यापोत भटकत राहिली असती. तेथे पोहोचल्यावर ती शिमोनाचे घर विचारत येतात आणि दारात उभी राहून पेत्र म्हटलेला शिमोन येथेच उतरला आहे काय, असे हाक मारून विचारतात. ज्या काळी घराला क्रमांक नव्हता, त्या काळी हाच पत्ता होता.

जेथे जमीन, याजकपद (पुरोहितपद) किंवा न्यायनिवाडा यांचा संबंध येई, तेथे एवढ्याने भागत नसे. तेथे वंशावळ लागे. यहोशवाच्या ग्रंथात यरीहोच्या लुटीतील वस्तू चोरणारा माणूस शोधताना प्रथम वंश, मग कूळ, मग घराणे आणि शेवटी एकेक पुरुष असा क्रम लावला जातो, आणि यहूदा वंशातला, जेरहाच्या कुळातला, जब्दीच्या घराण्यातला कर्मीचा मुलगा आखान हाती लागतो. एज्राच्या ग्रंथातली हकिकत मला याहून बोलकी वाटते. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या काही याजक घराण्यांना वंशावळीच्या नोंदींत आपले नाव सापडले नाही, म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले. त्यांपैकी एका घराण्याच्या मूळ पुरुषाने गिलादी बर्जिल्लयाच्या मुलीशी लग्न करून सासरचेच नाव घेतले होते. नोंद न सापडण्याचा या नावाशी संबंध होता की नाही, हे ग्रंथ सांगत नाही; पण नाव बदलल्याची गोष्ट लेखकाने मुद्दाम टिपून ठेवली आहे.

ही पद्धत केवळ धर्मग्रंथातली नव्हे. यरुशलेमेत 1982 साली उत्खननात, इ. स. पू. 586 च्या सुमारास जळालेल्या एका घरात, मातीच्या गोळ्यांवर उमटलेले मुद्रांचे ठसे सापडले. आगीत भाजल्यामुळेच ते टिकले. त्यांतल्या एकावर ‘शाफानाचा मुलगा गमऱ्या’ अशा अर्थाची अक्षरे आहेत. यिर्मयाच्या ग्रंथात शाफान लेखकाच्या याच नावाच्या मुलाच्या दालनात गुंडाळी वाचल्याचा उल्लेख आहे, आणि अनेक अभ्यासक हा ठसा त्याचाच मानतात. कागदपत्र बंद करून त्यावर उमटवलेला बापलेकांच्या नावांचा हा ठसा म्हणजे त्या माणसाची सही होती.

आडनावांविषयी आता थोडक्यात. युरोपातील बहुसंख्य यहुद्यांना कायम आडनाव घ्यावे लागले ते राजाज्ञेमुळे. ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफ बादशहाने 1787 साली आणि नेपोलियनने 1808 साली तसे हुकूम काढले. आपल्याकडे कोकणातल्या बेने इस्रायली समाजाने मात्र पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली नावे आडनाव म्हणून चालवली.

प्रश्न : वरील विषयाशी निगडित प्रश्न विचारते. बायबलमधील स्त्रियांची ओळख नेहमी पुरुषांवरूनच सांगितली जात होती काय?
— एक वाचिका, जालना

उत्तर : बहुतेक वेळा होय, आणि हे वाचताना आजही सलते. हेरोदाच्या कारभाऱ्याची, कूजाची बायको योहान्ना, क्लोपाची मरीया, याकोबाची आई मरीया. इफ्ताहाची मुलगी बापाच्या नवसापायी जिवाला मुकते, पण तिचे स्वतःचे नाव कोठेही येत नाही. अपवाद मात्र महत्त्वाचे आहेत. मग्दालीया मरीयेला ना बापाचे नाव जोडले आहे ना नवऱ्याचे. ती गालीलच्या सरोवराकाठच्या मग्दाला गावाची, एवढेच. थुवतीराची लुदिया तर गाव आणि जांभळ्या वस्त्रांचा व्यापार या दोन्हींनी ओळखली जाते. दावीदाचे सेनानी यवाब, अबीशय आणि असाएल हे तिघे भाऊ सर्वत्र आईच्या नावाने, सरूवेचे मुलगे म्हणून येतात. सरूवा ही दावीदाची बहीण होती, आणि राजाशी असलेले नाते तिच्याकडून येत होते.

धर्मग्रंथाबाहेरचा एक पुरावा आपल्याला आवडेल. दक्षिण इजिप्तमध्ये नाईल नदीतल्या एलेफंटाईन बेटावर इ. स. पू. पाचव्या शतकात यहुदी सैनिकांची वसाहत होती. तेथे अरामी भाषेतील खरेदी, दान आणि विवाहाचे करार सापडले आहेत. त्यांत पुरुषांची नावे बापाचे नाव, वसाहत आणि सैन्याची तुकडी यांसह येतात, तर साक्षीदार बहुधा आपले व बापाचे नाव लिहितात. त्यांतल्या इ. स. पू. 460 च्या सुमाराच्या एका दस्तात माहसेया नावाच्या बापाने आपली मुलगी मिब्तह्या हिला घर दिले आहे. तिची ओळख बापावरूनच सांगितलेली आहे. पण घराची धनीण म्हणून तिचे स्वतःचे नाव दस्तात लिहिलेले आहे, आणि पुढे त्या घरावर माहसेयाने किंवा त्याच्या वारसांनी हक्क सांगू नये, अशी अटही त्यात घातलेली आहे.